पहाटे थांबणारं घड्याळ: टोल्याचं मशीन खोलून दुरुस्त करायचं ते असं

डिसेंबर लागला की माझ्याकडे एकच तक्रार घेऊन तीन-चार जण येतात. घड्याळ दिवसभर नीट चालतं, पहाटे थांबतं. गेल्या वर्षी आमच्या इंदुरातल्या रामबागेतले एक काका असंच जर्मन घड्याळ चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन आले. मी डायल सोडवली, मशीन नाकाजवळ नेलं आणि विचारलं, "काका, तेल कुठलं घातलंत?"

"घरचंच गं. खोबरेल. घाणीवरचं, एकदम शुद्ध."

खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. इंदुरात पौषातल्या पहाटे पारा दहाच्या जवळ उतरतो. बाटलीतलं खोबरेल तेव्हा उन्हात ठेवल्याशिवाय बाहेर येत नाही, हे घरोघरी माहीत असतं. तेच तेल घड्याळातही गोठणार, एवढंच कुणाच्या डोक्यात येत नाही.

पण खोबरेल हे निमित्त. पुसून दुसरं तेल घातलं असतं तर काकांचं घड्याळ मार्चपर्यंत चाललंही असतं, आणि आतून आणखी झिजलं असतं. जुनं तेल धूळ धरून ठेवतं. मालव्याची धूळ म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तेल आणि धूळ मिळून पॉलिश पेपरसारखी खळ होते. ती पितळी भोकात रुतून बसते आणि पोलादी पिव्हटला, म्हणजे भोकात फिरणाऱ्या दांड्याच्या बारीक टोकाला, खात राहते. वरून नवं तेल सोडलं की वाळलेली खळ पुन्हा ओली होते आणि जोमाने कामाला लागते. म्हणून बंद घड्याळात तेल घालून ते चालू करणं ही दुरुस्ती नाही. मशीन पूर्ण खोलायचं असतं. ते कसं, ते सांगते. आठ दिवसांच्या चावीचं, चावीसाठी दोन भोकांचं (एक वेळेच्या चालीसाठी, एक टोल्यांसाठी), टोले देणारं भिंतीवरचं घड्याळ समोर आहे असं धरून. मनगटी घड्याळाचं काम निराळं, त्यात मी पडत नाही.

पहिल्या दिवशी पेचकस हातात घेऊ नका. फोटो काढा, समोरून, मागून, दोन्ही कडांनी. हातोडीची तार कुठून कुठे वळली आहे, कुठला स्क्रू आखूड आहे, सगळं. काकांच्या घड्याळाच्या मागच्या प्लेटवर आठ टोकांची चांदणी होती, म्हणजे युंगहान्स, जर्मनीतल्या श्राम्बर्ग गावचं. खाली 'बी १०' असा ठसा होता. त्यांच्या पद्धतीत ए म्हणजे वर्षाचं पहिलं सहामाही आणि बी म्हणजे दुसरं, तेव्हा हे १९१० च्या उत्तरार्धातलं. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे माझ्या आजोबांच्या लग्नाचं नाही तर." त्यांचा थोडा हिरमोड झाला असावा.

आता खोलण्याआधीची एक तपासणी, जी नव्वद टक्के लोक विसरतात. कमानीत, म्हणजे चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या पोलादी पट्टीत, थोडीशीच चावी ठेवा, डोळ्याला भिंग लावा आणि मधलं मोठं चाक बोटाने मागे-पुढे हलवा. भोकात बसलेल्या प्रत्येक पिव्हटकडे बघा. चांगला पिव्हट जागच्या जागी फिरतो. झिजलेल्या भोकातला उडी मारतो, एकदा इकडे, एकदा तिकडे. जिथे उडी दिसेल तिथे प्लेटवर मार्करने टिंब करा. एकदा प्लेटा सुटल्या की जोर कुठल्या दिशेने येत होता ते कळायला मार्ग नसतो. काकांच्या मशीनवर मी चार टिंबं केली. त्यांतलं सगळ्यात वाईट मागच्या प्लेटवर, चालीच्या बाजूच्या तिसऱ्या चाकाचं.

मग कमानी उतरवायच्या. हे काम धोक्याचं आहे, म्हणून नीट वाचा. पूर्ण भरलेली मोठी कमान बोट मोडू शकते, चाकाचे दात उडवू शकते. चावीची जुनी मूठ कापून टाका आणि तिच्यावर गोल, गुळगुळीत लाकडी मूठ बसवा. बाबांनी कानशीची मूठ वापरली होती, तीच अजून माझ्याकडे आहे. चावी लावा, किंचित भरायच्या दिशेने फिरवून जोर हातात घ्या, दुसऱ्या हाताने कुत्रं (कमान उलटी सुटू न देणारा खटका) उचला आणि लाकडी मूठ तळव्यात हळूहळू घसरू द्या. पकडून ठेवायची नाही, घसरू द्यायची. चपट्या मुठीची चावी तळव्यातून निसटली की हातोडीसारखी बोटांवर बसते.

दोन्ही कमानी उतरवायच्या, दोन्ही. मी एकोणीस वर्षांची असताना टोल्याची बाजू आपोआप रिकामी झाली असं समजून नट सोडले होते. टोले बंद होते ते अडकलेले होते म्हणून. कमान गच्च भरलेली होती. प्लेट उचलली गेली, दोन चाकांचे दांडे वाकले आणि माझ्या उजव्या अंगठ्यावरचा व्रण अजून पावसाळ्यात दुखतो. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. दोन महिने मला फक्त डायल पुसायला दिल्या. अमेरिकन घड्याळांत बरेचदा कमान डबीत नसते, उघडी असते. ती उतरवण्याआधी चावी भरून तिच्याभोवती जाड तारेची कडी अडकवा आणि मग उतरवा, म्हणजे ती त्या कडीपुरतीच सैल होते.

सुटे भाग बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवते. एका ट्रेमध्ये चालीचे, दुसऱ्यात टोल्याचे. दोन्हीकडची चाकं दिसायला जुळी असतात आणि एकमेकांच्या जागी बसल्यासारखीही वाटतात.

धुण्यासाठी आधी रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन आणि जुना दाताचा ब्रश. पेट्रोल नको, बंद खोलीत तर नकोच. चिकटपणा गेला की कोमट साबणपाण्यात थोडा अमोनिया टाकून पितळी भाग दहा-पंधरा मिनिटं. त्याहून जास्त वेळ नाही. अमोनिया पितळ चकाचक करतो खरा, पण ताणाखालच्या पितळेला तो आतून तडे पाडतो. हा शोध आपल्याच देशातल्या एका भानगडीतून लागला. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असायची आणि आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत त्यांना लागत होता. कारण १९२१ साली उलगडलं. त्या रोगाला नावही ऋतूचंच आहे, 'सीझन क्रॅकिंग'. तुम्ही प्लेटा रात्रभर अमोनियात ठेवून झोपायला गेलात तर तुमचा तबेला तोच.

भांडी घासायची पावडर, चिंच, राख यांनी मशीन चमकवू नका. दाण्यांचा चुरा पिनियनच्या (चाकाच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी भागाच्या) पाकळ्यांत बसतो. धुऊन झालं की स्वच्छ पाणी, मग स्पिरिट, मग हेअर ड्रायर. एवढं झालं तरी भोकं स्वच्छ झालेली नसतात. बांबूची काडी टोकदार तासा, भोकात घालून फिरवा, काळी झाली की पुन्हा तासा. काडी पांढरी बाहेर येईपर्यंत. काकांच्या त्या तिसऱ्या चाकाच्या भोकात अकरा वेळा काडी तासावी लागली.

आणि तेव्हा मला दिसलं. भोकाच्या कडेने तीन ठोके. आधी कुणीतरी भोक मोठं झालं म्हणून पंच मारून पितळ आत ढकललं होतं. हे फार जुनं पाप आहे. पितळ आत येतं, पिव्हट वर्षभर घट्ट बसतो, पण ती कड नखाएवढी पातळ असते. पुन्हा झिजते आणि या वेळी भोकाला आकारच उरत नाही.

बुश, म्हणजे झिजलेल्या भोकात घालायची छोटी पितळी नळी, बसवणं हे या कामाचं हृदय, म्हणून इथे जरा सावकाश सांगते. पण बुशच्या आधी पिव्हट. झिजलेल्या पिव्हटवर रेघा पडलेल्या असतात. त्या लेथवर बारीक कानशीने आणि मग बर्निशरने दाबून घासून गुळगुळीत करायच्या. नखाने लागता कामा नये, आणि भिंगातून बघितलं तर त्यात खिडकी दिसली पाहिजे. असं केल्याने पिव्हट केसभर बारीक होतो. म्हणूनच हे आधी. आधी बुश केलात तर नंतर तोच बुश सैल पडतो आणि कामाला पुन्हा सुरुवात.

आता भोक. काकांचा पिव्हट पॉलिशनंतर १.१ मिलिमीटर भरला. भोक एका दिशेने साधारण तेवढंच होतं, दुसऱ्या दिशेने १.४. म्हणजे लांबट. झिजतं ते एकाच बाजूला, जिकडे आधीचं चाक ढकलतं तिकडे. मूळ केंद्र न झिजलेल्या बाजूला असतं. आता त्या लांबट भोकात सरळ ब्रोच (भोक मोठं करायचं धारदार हत्यार) घातला तर ब्रोच खड्ड्याच्या मधोमध बसतो आणि नवं भोक चुकीच्या जागी गोल होतं. घड्याळ मग चुकलेल्या अंतरावर कायमचं पक्कं. पहिल्या बुशच्या वेळी मी हेच केलं. चाकं इतकी घट्ट बसली की फिरेचनात, आणि दोष माझा आहे हे मला तीन दिवसांनी कळलं.

म्हणून आधी गोल बारीक कानशीने न झिजलेली बाजू घासायची, झीज आहे तेवढीच, म्हणजे खड्डा दोन्हीकडे सारखा होऊन मूळ केंद्र मधोमध येतं. प्लेटच्या बाहेरच्या तोंडावर तेलाची वाटी असते. ती मूळ केंद्राभोवतीच कोरलेली असते, तिच्यावरून अंदाज घ्या. मग पाच धारांचा ब्रोच प्लेटच्या आतल्या बाजूने घाला आणि दोन बोटांत फिरवा. उभा आहे ना, ते चारी बाजूंनी वाकून बघा. ब्रोच निमुळता असतो, त्यामुळे भोक आत मोठं आणि बाहेर किंचित लहान होतं. आपल्याला तेच हवं. बुश आतल्या बाजूने घाला, सपाट ठोकणीने हलकेच ठोका, तो पाचरीसारखा गच्च बसतो. डाग (सोल्डर) द्यायचा नाही, डिंक लावायचा नाही. पुढच्या घड्याळजीला काढावंसं वाटलं तर त्याला तो एका ठोक्यात काढता आला पाहिजे. प्लेटच्या पातळीत घासा. मग आतलं भोक ब्रोचने एक-एक फेरा वाढवत न्या, पिव्हट आत शिरेल, पण नुसता शिरणार नाही तर जरासा डुलेल इतपत. बाहेरून तेलाची वाटी पुन्हा कोरा. बाहेरून तयार जर्मन बुश मिळतात. सराफ्यात हत्यारांच्या दुकानात पितळी सळई मिळते, त्यातून लेथवर काढलेलेही चालतात.

परीक्षा अशी. फक्त ते एक चाक दोन प्लेटांमध्ये बसवा, प्लेटा पक्क्या करा आणि संपूर्ण मशीन उलटं करा. चाक आपल्या वजनाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पडलं पाहिजे, टक असा आवाज करत. चिकटून राहिलं तर घाई करू नका, ब्रोचचा आणखी एक फेरा. काकांचं चाक चौथ्या खेपेला पडलं. त्या आवाजाची मला अजूनही हाव आहे.

शेवटच्या एस्केप चाकाचे दात लंबकाच्या तालावर एक-एक करून सोडणारा दोन जबड्यांचा तुकडा म्हणजे अँकर. त्याच्या दोन्ही जबड्यांवर दातांनी खोबण पाडलेली असेल तर ती घासून पुसून टाकू नका, मोजमाप बदलतं. बऱ्याच जर्मन मशीनांत अँकर त्याच्या दांड्यावर जरासा सरकवता येतो. तो अर्धा मिलिमीटर सरकवला की दात अस्पर्श जागी पडतात आणि जबडा नवा होतो. कमानी डबीतून काढून पुसायच्याच, आत जुनं ग्रीस डांबर होऊन बसलेलं असतं. हाताने काढल्या-घातल्या तर त्या शंकूसारख्या वाकड्या होतात, वाइंडर (कमान गुंडाळायचं हत्यार) वापरा, आणि डोळ्यांवर चष्मा. बाहेर काढल्यावर कमान डबीच्या जेमतेम दुप्पट उघडली तर मी ती बदलते. आतल्या टोकाला बारीक तडा असेल तर विचारही करत नाही.

जुळवताना चालीची बाजू सोपी. टोल्याची बाजू माणसाला रडवते. दोनच गोष्टी पक्क्या करा. टोले थांबून कुलूप पडलं असताना हातोडीची शेपटी चाकाच्या खिळ्यावर चढलेली नको, मोकळी हवी. नाहीतर पुढच्या टोल्याला सुरुवातीलाच हातोडी उचलण्याचं ओझं पडतं. आणि शेवटच्या पंख्याजवळच्या चाकावरचा इशाऱ्याचा खिळा अडकण्याच्या जागेपासून अर्धा फेरा लांब हवा. तास भरायला काही मिनिटं असताना 'खट्' असा जो आवाज येतो तो त्याच खिळ्याचा, त्याला धावायला जागा लागते. जमलं नाही तर प्लेट थोडी उचलून फक्त तेवढं चाक एक-दोन दात सरकवा. मी अजूनही पहिल्या फटक्यात बरोबर बसवलेलं मला आठवत नाही.

ज्यात खाचांची चकती टोले मोजते अशा घड्याळात मिनिटकाटा मागे फिरवू नका. चकतीला तुमचा काटा दिसत नाही, ती आपली पुढचा आकडा मोजते, आणि तीन वाजता सात टोले पडतात. रॅक आणि गोगलगाईच्या (दातेरी पट्टी आणि गोगलगाईच्या आकाराची चकती असलेल्या) मशीनमध्ये हा गोंधळ नाही, ते दर तासाला नव्याने बघतं. बारा तासांत तासांचे ७८ टोले, अर्ध्याचे १२ धरले तर ९०. टोल्याच्या कमानीला दिवसाला १८० वेळा हातोडी उचलायची असते, म्हणून त्या बाजूची झीज कमी समजू नका.

तेल घड्याळाचंच, तेही मोजकं. सुईच्या टोकाने वाटीत अर्ध्यापर्यंत. वाटी ओसंडली तर सगळं तेल प्लेटवरून ओघळून जातं, भोकात काही राहत नाही. अँकरच्या जबड्यांना पुसटसं, क्रच (अँकरचा जोर लंबकाला देणारी तार) जिथे लंबकाच्या दांडीला घासतो तिथे पुसटसं, कमानींना ग्रीस. चाकांच्या दातांना आणि पिनियनला एक थेंबही नाही. शिवणयंत्राचं तेल पातळ असतं, पसरतं. गंज सोडवायचा स्प्रे हे तर घड्याळाचं तेलच नव्हे.

लंबक हरवलेली घड्याळं पुष्कळ येतात, वाडा पडताना मशीन वाचतं आणि लंबक भंगारात जातो. दुसऱ्या घड्याळाचा लटकवून काम भागत नाही. दात मोजा. मधलं चाक ८० दातांचं आणि ते ८ पाकळ्यांच्या पिनियनला फिरवतं, तिसरं चाक ७२ दातांचं आणि पुढचा पिनियन ८ चा, शेवटचं एस्केप चाक ४० दातांचं. ८० भागिले ८ म्हणजे १०, ७२ भागिले ८ म्हणजे ९, दोन्हींचा गुणाकार ९०. एवढ्या वेळा एस्केप चाक तासाला फिरतं. प्रत्येक दात दोन ठोके देतो, म्हणून गुणिले ८०, तासाला ७२०० ठोके, सेकंदाला दोन. सेकंदाला एक ठोका देणारा लंबक ९९.४ सेंटिमीटरचा असतो. दुप्पट वेगासाठी लांबी चौथाई, म्हणजे २४.८५. लटकण्याच्या जागेपासून गोळ्याच्या साधारण मध्यापर्यंत एवढं अंतर ठेवा, बाकी नट बघून घेईल. अर्धा मिलिमीटर आट्याचा नट एक पूर्ण फेरा वर घेतला तर एवढ्या लंबकाचं घड्याळ दिवसाला जवळपास दीड मिनिट पुढे जातं. म्हणून पाव-पाव फेरा फिरवा आणि मध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्या. उन्हाळ्यात मंद, हिवाळ्यात जलद हे चालायचंच. पोलादी दांडी प्रत्येक अंशाला दिवसाकाठी अर्धा सेकंद बदलते. वीस अंशांचा फरक धरला तर दहा सेकंद. एवढ्यासाठी मे महिन्यात मला फोन करू नये.

डायल कागदी किंवा रंगवलेली असेल तर पाणी लावू नका, कोरड्या मऊ ब्रशने झटका, आणि पेटीला सरस लावा, फेविकॉल नव्हे. पेटीबद्दल मला फारसं प्रेम नाही, ते सुताराला विचारा.

मशीन पेटीत घालण्याआधी स्टँडवर सोळा दिवस चालवते. आठ दिवसांची चावी दोनदा पूर्ण उतरली पाहिजे. कमानीच्या शेवटच्या दोन दिवसांत जोर कमी असतो आणि लपलेले दोष तेव्हाच बाहेर येतात. काकांचं घड्याळ पहिल्या आठवड्यात सातव्या रात्री थांबलं होतं. चौथं टिंब मी 'चालेल' म्हणून सोडून दिलं होतं. पुन्हा उघडलं.

शेवटी टांगणं. ताल कानाने बघायचा. टिक, टॉक, टिक, टॉक, दोन्हींमधलं अंतर सारखं. टिकटॉक थांबून टिकटॉक असं लंगडत असेल तर घड्याळ कितीही स्वच्छ असो, थांबणारच. लंबक बोटाने हळू एका बाजूला न्या, ठोका कुठे पडतो ते बघा, मग दुसऱ्या बाजूला. ज्या बाजूला ठोका लवकर पडतो त्या बाजूला क्रच थोडा वाकवा. पेटी सरळच ठेवायची असेल तर हेच करावं लागतं. नाहीतर घड्याळाचा खालचा भाग भिंतीवर डावी-उजवीकडे सरकवून ताल जुळवा.

काकांकडे मी स्वतः गेले. गांधी हॉलवरून रामबागेत पायीच जाता येतं. जुनं घर, मातीचा पाया, आणि आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंत त्याबरोबर हलते, म्हणून तिथे मी क्रच वाकवण्याच्या भानगडीत पडले नाही. खालची बाजू चारेक मिलिमीटर डावीकडे गेली तेव्हा ताल जुळला. मी पेटीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांशी भिंतीवर पेन्सिलीने बारीक रेघा ओढल्या. झाडलोट करताना पेटी हलली तर पुन्हा याच रेघांवर आणायची, आणि पावसाळ्यानंतर कानाने ऐकून नव्या रेघा ओढायच्या, असं काकूंना दाखवलं. काका मागून विचारत होते, वर्षाला थोडं तेल तर घालावं लागेल ना. काकूंनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि भिंतीवर रेघेच्या बाजूला लिहिलं, 'तेल नाही.'